पहाटेची ताठर कंबर : अँकिलोझिंग स्पाँडिलायटिसची लक्षणे आणि वाटचाल

भोपाळच्या पूर्वेकडील बरखेडा ही ‘भेल’च्या कारखान्याभोवती वसलेली कामगार वसाहत. १९५६ साली अवजड विद्युत उपकरणे बनविणारी सरकारी कंपनी तेथे स्थापन झाली आणि देशाच्या कानाकोपऱ्यांतून माणसे कामाला आली. त्यांत मराठी कुटुंबेही होती. माझ्या मावशीचे यजमान याच कारखान्यात नोकरीला होते. त्यांच्या मुलाला, म्हणजे माझ्या मावसभावाला, बाविसाव्या वर्षी एक विचित्र दुखणे जडले. पहाटे तीन-साडेतीनच्या सुमारास कंबरेच्या खाली, कधी उजव्या तर कधी डाव्या कुल्ल्यात, असा ठणका उठे की त्याला अंथरुणावर राहवत नसे. उठून तो क्वार्टरच्या व्हरांड्यात फेऱ्या मारी. तासाभराने बरे वाटे. दुपारी पाहाल तर ठणठणीत. साहजिकच घरच्यांना हा आळस वाटला, शेजाऱ्यांना मोटारसायकलचे धक्के वाटले आणि डॉक्टरांना मणक्याची चकती सरकलेली वाटली. पट्टे बांधून झाले, सक्तीची विश्रांती झाली, इंजेक्शनेही झाली. विश्रांतीने दुखणे वाढतच गेले.

सहा वर्षांनी त्याचा एक डोळा लालबुंद झाला. डोळ्यांच्या डॉक्टरांनी बुबुळाच्या आतली सूज पाहिली आणि अनपेक्षित प्रश्न विचारला, ‘‘तुमची कंबर दुखते का?’’ त्या एका प्रश्नाने आजाराचे नाव सापडले, अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस. गोव्यातही अनेक घरांत हे दुखणे असेच नाव न मिळता वर्षानुवर्षे राहते. म्हणून या आजाराची ओळख करून घेणे अगत्याचे आहे.

नावाचा अर्थ आणि एक नेहमीचा गोंधळ

हे नाव ग्रीक शब्दांवरून आले आहे. ‘अँकिलोस’ म्हणजे वाकलेले, आखडलेले. ‘स्पाँडिलोस’ म्हणजे मणका. आणि शेवटचा ‘आयटिस’ हा प्रत्यय दाह दाखवितो. मणक्यांच्या सांध्यांना दाह होऊन कणा हळूहळू ताठर करणारा हा विकार होय.

आपल्याकडे मान दुखली की ‘स्पाँडिलायटिस झाला’ असे सर्रास म्हटले जाते. उतारवयात मणके आणि चकत्या झिजल्यामुळे होणाऱ्या त्या विकाराचे खरे नाव ‘स्पाँडिलोसिस’ असे आहे. तो झिजेचा आजार, चाळिशी-पन्नाशीनंतरचा. अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस हा दाहाचा आजार असून तो बहुधा विशी-तिशीत सुरू होतो. पंचेचाळिशीनंतर त्याची सुरुवात क्वचितच होते. झिजलेल्या मणक्याला विश्रांती मानवते, दाह झालेल्या कण्याला मात्र हालचाल मानवते. नावातील हा गोंधळ अनेकदा उपचारांतही उतरतो.

इतिहासात डोकावताना

१६९०च्या दशकात बर्नार्ड कॉनर या आयरिश वैद्याने फ्रान्समध्ये सापडलेल्या एका सांगाड्याचे वर्णन लिहून ठेवले. त्यात मणके, बरगड्या आणि माकडहाडाजवळची हाडे एकमेकांत मिसळून एकच अखंड हाड झाले होते. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रशियातील व्लादिमिर बेख्तेरेव्ह, जर्मनीतील अडोल्फ स्ट्रम्पेल आणि फ्रान्समधील पिएर मारी यांनी काही वर्षांच्या अंतराने या आजाराची सविस्तर वर्णने प्रसिद्ध केली. रशिया व जर्मनीत आजही तो ‘बेख्तेरेव्हचा आजार’ म्हणून ओळखला जातो. १९७३ साली लंडन आणि लॉस एंजेलिस येथील संशोधकांनी ‘एचएलए-बी २७’ या जनुकाशी त्याचे नाते दाखवून दिले आणि संशोधनाला नवी दिशा मिळाली.

शरीरात नेमके काय घडते?

कण्याच्या तळाशी त्रिकास्थी हे त्रिकोणी हाड असते. त्याच्या दोन्ही बाजूंना कमरेची रुंद हाडे जोडलेली असतात. या जोडांना सॅक्रोइलियाक सांधे म्हणतात. आजाराची सुरुवात बहुतेक वेळा तेथूनच होते. शरीराचे रक्षण करणारी प्रतिकारशक्ती काही कारणाने आपल्याच ऊतींवर उलटते. अस्थिबंध आणि स्नायुबंध हाडाला जेथे चिकटतात, त्या जागी दाह सुरू होतो. दाह शमताना शरीर तेथे डागडुजी म्हणून नवे हाड घालू लागते. अशी चक्रे वर्षानुवर्षे चालली की दोन मणक्यांमध्ये हाडाचे पूल बांधले जातात. क्ष-किरण चित्रात असा कणा बांबूच्या पेरांसारखा दिसतो. म्हणून डॉक्टर त्याला ‘बांबू स्पाइन’ म्हणतात.

जनुकाविषयी मात्र गैरसमज नको. या आजाराच्या बहुसंख्य रुग्णांत एचएलए-बी २७ आढळते हे खरे. परंतु ते जनुक असलेल्या शंभर जणांपैकी सुमारे पाच जणांनाच हा आजार होतो. उरलेले आयुष्यभर निरोगी राहतात. त्यामुळे रक्ततपासणीत बी २७ सापडले एवढ्यावरून निदान होत नाही आणि ते सापडले नाही म्हणून आजार नाही असेही ठरत नाही. रुग्णाच्या अपत्याकडे हे जनुक जाण्याची शक्यता साधारण निम्मी असते. आजार होण्याची शक्यता त्याहून पुष्कळच कमी. या एका कारणावरून विवाह मोडणे किंवा मूल होऊ न देणे याला शास्त्राचा आधार नाही.

पाठदुखी कोणती आणि हा आजार कोणता?

पाठ कधीच दुखली नाही असा माणूस विरळा. पुण्यातील संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा यांच्या नेतृत्वाखाली १९९६ साली पुणे जिल्ह्यातील भिगवण गावात घरोघर जाऊन सांधे-स्नायूंच्या दुखण्यांची पाहणी झाली. जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘कॉपकॉर्ड’ उपक्रमाचा तो भाग होता. गावातील प्रौढांपैकी सुमारे १८ टक्के लोकांना अशी काही ना काही तक्रार असल्याचे तेव्हा दिसले. यांतील अँकिलोझिंग स्पाँडिलायटिसचे रुग्ण अगदी थोडे असतात. आशिया खंडासाठी या आजाराचे प्रमाण दर दहा हजारांमागे सुमारे १७ असे अंदाजिले गेले आहे. २०११च्या जनगणनेनुसार गोव्याची लोकसंख्या १४ लाख ५८ हजारांच्या घरात होती. हे प्रमाण जसेच्या तसे लावले तर आपल्या राज्यात दोन-अडीच हजार रुग्ण निघतील. हा निव्वळ त्रैराशिकाचा हिशेब आहे, प्रत्यक्ष आकडा कमी-अधिक असू शकतो. पण आजार आपल्या ओळखीच्या परिघाबाहेरचा नाही, एवढे त्यावरून कळते.

गर्दीतून हा आजार ओळखण्यासाठी पुढील खुणा उपयोगी पडतात.

• दुखणे चाळिशीच्या आत, नकळत सुरू होते आणि तीन महिन्यांहून अधिक टिकते.
• रात्रीच्या उत्तरार्धात वेदनेने जाग येते.
• सकाळी उठल्यावर कंबर आखडलेली असते. हा ताठरपणा अर्धा तास किंवा त्याहून अधिक काळ राहतो.
• चालण्या-फिरण्याने, व्यायामाने, गरम पाण्याच्या आंघोळीने आराम पडतो. विश्रांतीने पडत नाही.
• दुखणे दोन्ही कुल्ल्यांत आलटून-पालटून येते.
• दाह कमी करणारी वेदनाशामक गोळी घेतल्यावर एक-दोन दिवसांत ठळक फरक जाणवतो.

यांपैकी तीन-चार खुणा जुळत असतील तर ‘वाताचे आहे, जाईल’ असे म्हणून थांबू नये.

कण्यापलीकडची लक्षणे

हा आजार केवळ पाठीचा नाही. टाचेच्या मागे किंवा तळव्याखाली सकाळचे पहिले पाऊल टाकताना कळ येणे, छातीच्या बरगड्यांच्या जोडांत दुखणे, खोल श्वास घेताना किंवा शिंकताना छाती आवळल्यासारखी वाटणे ही त्याची रूपे आहेत. गुडघा किंवा घोटा सुजणे हेही सुरुवातीचे लक्षण असू शकते. विशेषतः किशोरवयात आजार जडला तर पाठीआधी पायांचे सांधेच बोलू लागतात. आपल्या देशात अशा मुलांचे खुब्याचे सांधे लवकर बिघडताना आढळतात. सततचा थकवा हे आणखी एक लक्षण. तो बाहेरून दिसत नसल्यामुळे रुग्णाला घरात व कामावर बोलणी खावी लागतात.

सुमारे चौथा हिस्सा ते तिसरा हिस्सा रुग्णांना कधी ना कधी डोळ्याचा दाह होतो. त्याला युव्हियायटिस म्हणतात. एकच डोळा अचानक लाल होतो, दुखतो, उजेड सहन होत नाही आणि नजर धूसर होते. पावसाळ्यात आपल्याकडे डोळे येण्याची साथ असते. तेव्हा घरातले जुने थेंब डोळ्यात घालण्याची सवय येथे घातक ठरते. डोळे आल्यावर चिपडे येतात, खाज सुटते आणि बहुधा दोन्ही डोळे लागण होऊन लाल होतात. युव्हियायटिसमध्ये चिपडे नसतात, ठणका असतो. एकाच दिवसात नेत्रतज्ज्ञाला दाखविले तर दृष्टी वाचते. आठवडे घालवले तर कायमचे नुकसान होऊ शकते.

काही रुग्णांना सोरायसिस हा त्वचाविकार किंवा आतड्यांचा दाह जोडीला असतो. वारंवार जुलाब, शौचावाटे रक्त, वजन घटणे यांपैकी काही असेल तर ते पाठीच्या डॉक्टरांनाही आवर्जून सांगावे. दीर्घकाळच्या आजारात हृदयाच्या महारोहिणीच्या झडपेवर किंवा हृदयाच्या ठोक्यांच्या वहनावर परिणाम झाल्याचेही थोड्या रुग्णांत आढळते.

स्त्रियांचे दुखणे उशिरा का कळते?

हा आजार पुरुषांचा, असे फार काळ वैद्यकाच्या पुस्तकांतही लिहिले जात असे. क्ष-किरणात स्पष्ट दिसणाऱ्या आजारात पुरुषांचे प्रमाण स्त्रियांच्या दोन-तीन पट असते हे खरे. तथापि सुरुवातीच्या, एमआरआयमध्येच दिसणाऱ्या अवस्थेत दोघांमधील तफावत बरीच कमी होते. स्त्रियांमध्ये हाडे जुळण्याची गती बहुधा मंद असते. मान, छाती व हातापायांचे सांधे अधिक दुखतात. त्यामुळे ‘बाळंतपणानंतरची कंबरदुखी’, ‘कामाचा शीण’, ‘मनावर घेते’ अशी लेबले लागतात आणि निदान पुरुषांपेक्षाही लांबते. वेदना मात्र कमी नसते.

निदान कसे होते?

लक्षणे सुरू झाल्यापासून निदान होईपर्यंत सरासरी सहा-सात वर्षे जातात, असे निरनिराळ्या देशांतील पाहण्या सांगतात. याचे एक कारण असे की १९८४ साली ठरलेल्या निकषांनुसार क्ष-किरण चित्रात सॅक्रोइलियाक सांध्यांचा बिघाड दिसणे आवश्यक होते. तो दिसू लागेपर्यंत अनेक वर्षे लोटतात. २००९ साली आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या ‘असास’ या गटाने नवे निकष मांडले. त्यांत एमआरआयमध्ये दिसणारी हाडाच्या मगजातील सूज ग्राह्य धरली गेली आणि क्ष-किरण चित्र स्वच्छ असतानाही आजार ओळखणे शक्य झाले.

तपासणीच्या खोलीत मात्र साधी मोजपट्टी अजूनही मोलाची आहे. शोबर चाचणीत कमरेच्या मागे एक खूण व तिच्यावर १० सेंटिमीटरवर दुसरी खूण करतात. पुढे वाकल्यावर निरोगी तरुणात हे अंतर सुमारे ५ सेंटिमीटरनी वाढते; ताठर कण्यात ते फारसे वाढत नाही. पूर्ण श्वास आत घेताना छातीचा घेर किती फुगतो हेही मोजतात. भिंतीला पाठ व टाचा टेकून उभे राहिल्यावर डोक्याचा मागचा भाग भिंतीला टेकतो की नाही, ही तर घरीही करता येण्याजोगी पाहणी आहे.

रक्तातील ईएसआर व सीआरपी या दाहदर्शक तपासण्या उपयोगी आहेत. पण कितीतरी रुग्णांत त्या सामान्य येतात. ‘रिपोर्ट नॉर्मल आहे, तुम्हाला काही झालेले नाही’ हे वाक्य म्हणूनच या आजारात विश्वासार्ह नाही.

आजाराची वाटचाल

दोन रुग्णांची वाटचाल सारखी नसते. काहींचा आजार सॅक्रोइलियाक सांध्यांतच थबकतो आणि ते जवळपास सामान्य आयुष्य जगतात. काहींत तो कमरेतून पाठीत, पाठीतून मानेत वर चढत जातो. मध्येच आजार उफाळतो, आठवडे-महिने छळतो आणि पुन्हा ओसरतो. पहिल्या दहा वर्षांत जे घडते त्यावरून पुढचा अंदाज बराचसा बांधता येतो. लहान वयातील सुरुवात, खुब्याचा सहभाग, सतत वाढलेला सीआरपी, निदानाच्या वेळीच क्ष-किरणात दिसणारे हाडाचे पूल आणि धूम्रपान या गोष्टी आजार गंभीर वळण घेण्याची सूचना देतात. यांपैकी धूम्रपान ही एकच गोष्ट पूर्णपणे रुग्णाच्या हाती आहे.

उपचार न झाल्यास कमरेची नैसर्गिक कमान सपाट होते, पाठीला पोक येते, मान पुढे झुकते. समोर पाहण्यासाठी गुडघे वाकवावे लागतात. याच वेळी हाडे आतून विरळ होत जातात. जुळून गेलेला कणा लवचिक राहिलेला नसल्याने किरकोळ आपटण्यानेही मोडू शकतो. आपल्याकडे पावसाळ्यात चिऱ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ धरते; तेथे पाय घसरला आणि त्यानंतर मानेत किंवा पाठीत नवे दुखणे सुरू झाले तर अशा रुग्णाने ते नेहमीचे समजू नये. तपासणी होईपर्यंत मसाज करून घेणे किंवा मान मोडून घेणे टाळावे. हातापायांत बधिरता, लघवी-शौचावरचा ताबा सुटणे ही तर तातडीची लक्षणे होत.

औषधे : काय उपयोगी, काय निरुपयोगी

या आजाराचा समूळ नाश करणारे औषध नाही. पण तो ताब्यात ठेवणारी औषधे आज उपलब्ध आहेत. पहिली पायरी दाहशामक वेदनानाशकांची. नेप्रोक्सेन, इंडोमेथासिन, एटोरिकॉक्सिब यांसारखी औषधे योग्य मात्रेत काही आठवडे घेऊन परिणाम पाहिला जातो. ती पोटाला, मूत्रपिंडांना व रक्तदाबाला बाधू शकतात. म्हणून मनाने दुकानातून आणून खाणे, रिकाम्या पोटी घेणे किंवा मद्यासोबत घेणे धोक्याचे.

सल्फासॅलाझिन हे औषध हातापायांच्या सुजलेल्या सांध्यांना उपयोगी पडते. कण्याच्या दुखण्यावर त्याचा प्रभाव दिसत नाही. मेथोट्रेक्सेटचेही तसेच. तोंडाने दीर्घकाळ घेतलेली स्टिरॉइड्स कण्याच्या आजारात लाभापेक्षा हानी अधिक करतात आणि आधीच विरळ होणारी हाडे आणखी ठिसूळ करतात. ‘वातावरचा रामबाण’ म्हणून मिळणाऱ्या काही निनावी पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेले असण्याचा धोका असतो. पहिल्या दोन दिवसांत जादूसारखा आराम देणाऱ्या पुडीकडे म्हणूनच संशयाने पाहावे.

वेदनानाशकांनी आजार आटोक्यात येत नसेल तर जैविक औषधांचा विचार होतो. दाह भडकविणाऱ्या ‘टीएनएफ’ या प्रथिनाला अडविणारी इंजेक्शने २००३ नंतर या आजारासाठी मान्यता पावली. पुढे ‘आयएल-१७’ला अडविणारी औषधे आली आणि अलीकडे ‘जॅक’ गटातील गोळ्याही. किंमत हा मोठा अडसर होता. डिसेंबर २०१४ मध्ये अहमदाबादच्या झायडस कॅडिलाने अडालिमुमॅब या औषधाची जगातील पहिली समतुल्य आवृत्ती भारतात आणली आणि पर्याय वाढू लागले. खर्च आजही हलका नाही. उपचार सुरू करण्यापूर्वीच सरकारी रुग्णालयात व आपल्या आरोग्य विम्यात त्याची तरतूद कितपत आहे याची चौकशी करून घ्यावी.

ही औषधे प्रतिकारशक्तीचा एक भाग दाबतात. आपल्या देशात क्षयरोग सर्वत्र असल्याने शरीरात दबून राहिलेला क्षय जागा होण्याची भीती असते. म्हणून ती सुरू करण्यापूर्वी छातीचा एक्स-रे, क्षयाची चाचणी आणि हिपॅटायटिस बी व सी यांच्या तपासण्या करणे आवश्यक असते. नंतरही ताप, खोकला, वजन घटणे अंगावर काढू नये.

व्यायाम हे दुसरे औषध

औषध कितीही महागडे असले तरी व्यायामाची जागा ते घेऊ शकत नाही. छाती फुगवून श्वास घेणे, पाठ मागे ताणणे, खुब्यांचे व मानेचे ताण हे रोज वीस-तीस मिनिटे व्हायला हवेत. पोहणे हा सर्वोत्तम व्यायाम मानला जातो. पातळ उशी, न खचणारी गादी, रोज काही वेळ पालथे झोपणे आणि तासाभरापेक्षा अधिक काळ एका जागी न बसणे या साध्या सवयी कण्याला सरळ ठेवतात. मात्र कणा जुळू लागलेल्या रुग्णाने मानेला झटका देणारे व्यायाम, शीर्षासन किंवा आदळआपट होणारे खेळ टाळावेत.

खुबा पूर्ण निकामी झाला तर सांधेबदल शस्त्रक्रियेने रुग्ण पुन्हा चालू लागतो. कोणत्याही शस्त्रक्रियेपूर्वी भूलतज्ज्ञाला आजाराची कल्पना अवश्य द्यावी. ताठ मानेमुळे श्वासनलिकेत नळी घालणे अवघड जाते.

कोणाकडे जावे?

या आजाराचे तज्ज्ञ म्हणजे संधिवाततज्ज्ञ, अर्थात ऱ्हुमॅटॉलॉजिस्ट. ते सर्वत्र नसतात. अशा वेळी बांबोळीच्या गोमेकॉसारख्या मोठ्या रुग्णालयात औषधवैद्यक किंवा अस्थिरोग विभागातून सुरुवात करता येते. जाताना एका कागदावर चार गोष्टी लिहून न्याव्यात : दुखणे कधी सुरू झाले, रात्री किती वाजता जाग येते, सकाळचा ताठरपणा किती वेळ राहतो आणि विश्रांतीने काय होते. डोळा कधी लाल झाला होता का, घरात कोणाला सोरायसिस किंवा असाच पाठीचा आजार आहे का, हेही नोंदवावे. तपासणीच्या पाच मिनिटांत हा कागद पुष्कळ बोलतो.

बरखेड्याचा माझा मावसभाऊ आज चाळिशी ओलांडून गेला आहे. मान पूर्ण वळत नाही. मागून कोणी हाक मारली तर तो सगळ्या अंगानिशी वळतो. मात्र गेली कित्येक वर्षे त्याचा कणा होता तेथेच थांबला आहे. औषध चालू आहे, सकाळचा व्यायाम चुकत नाही आणि नोकरीही सुटलेली नाही. व्हरांड्यात फेऱ्या मारण्यात गेलेली ती सहा वर्षे आणि त्या काळात गमावलेली मान तेवढी परत येणार नाही. आपल्या घरातील एखादा तरुण पहाटे अंधारात उठून येरझाऱ्या घालत असेल, तर त्याला आळशी म्हणण्यापूर्वी डॉक्टरांकडे घेऊन जावे.